उलट्या बाजूची खूण

गावात तिला सगळे ठोकाबाई म्हणत. त्यात थट्टा होती, पण मान त्याहून जास्त होता. लाकडाची कुठलीही वस्तू समोर आली की हिची बोटं शिवशिवायची. मधल्या बोटाचं पेर आपटायचं, मान तिरकी करायची आणि ऐकायचं. कुणाच्या लग्नाला गेली तर नवरानवरीच्या आधी जेवणाची टेबलं बघून यायची. एकदा दवाखान्यात डॉक्टर तिची छाती तपासत होते, तेवढ्यात हिनं त्यांच्या मेजाचा पाय तपासला आणि म्हणाली, "डॉक्टर, माझं राहू द्या, आधी हे बघा. आतून पोकळ झालंय." डॉक्टर हसले. दोन महिन्यांनी ते मेज औषधांच्या बाटल्यांसकट खाली बसलं, तेव्हापासून डॉक्टरही तिला ठोकाबाईच म्हणायला लागले.

ती होड्या दुरुस्त करायची. सुताराची बायको म्हणून सुतारीण नव्हे, स्वतः सुतार. नवरा बिचारा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातला खिळासुद्धा तिला विचारून ठोकायचा. तरी नवीन माणूस कारखान्यात शिरला की इकडेतिकडे बघत विचारणारच, "मिस्त्री कुठं भेटतील?" ती हातातला रंधा न थांबवता म्हणायची, "भेटलेत. बोला."

कारखाना म्हणजे बंदरामागच्या गल्लीतली एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला पाण्यात उतरणारा उतार, दुसऱ्या टोकाला दार, आणि दाराशी उलट्या खोक्यावर बसलेले तिचे वडील. शेड त्यांनीच उभी केलेली. आता वय त्र्याऐंशी, डोळ्यांपुढे धुकं, हातांना थरथर. कान मात्र असे तिखट, की रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट फिरला तर आवाजावरून ओळखून खोक्यावरूनच खाकरायचे. मागची एक खोली त्यांची होती, पण ते झोपायला तेवढे तिथं जात.

या माणसाच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काम उत्तम झालं तर म्हणायचे, "चालेल." बरं झालं तर गप्प बसायचे. वाईट झालं तर पुन्हा करा म्हणायचे, तेही शांतपणे. मुलीलाही तोच न्याय. मुलगी म्हणून ना कधी सूट दिली, ना कधी पाठ थोपटली. ठोकाबाईला गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलं होतं, लांबच्या बंदरांतून होड्या तिचं नाव विचारत येत होत्या. पण खोक्यावरून येणाऱ्या त्या एका शब्दाच्या पुढचा शब्द ऐकायला तिचे कान आसुसलेलेच राहिले. हे ती कुणाला सांगायची नाही. नवऱ्याला माहीत होतं, आणि तो शहाणा असल्यामुळे गप्प बसायचा.

कारखान्याची एक रीत होती. होडीत जो जे लाकूड घालेल, त्यानं त्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे बोल्ट आवळले की कुणाला दिसणार नाही अशा अंगाला, पटाशीनं आपली खूण कोरायची. मिरवायला नाही. उद्या लाकडानं दगा दिला आणि ते बाहेर काढावं लागलं, तर काम कुणाचं ते कळावं म्हणून. म्हणजे खूण पुन्हा उजेडात आलीच, तर बहुतेक लाज घेऊनच यायची. वडिलांची खूण अर्धं वर्तुळ आणि त्यात उभी रेघ. तिची खूण पक्ष्याच्या पायासारख्या तीन रेघा. एकाच्या कामावर दुसऱ्यानं खूण करायची नाही, हा नियम. दोन कारागीर वीस-वीस वर्षं वडिलांच्या हाताखाली राबले, त्यांच्या लाकडांवरही वडिलांनी कधी पटाशी टेकवली नाही.

तेविसाव्या वर्षी तिनं आपलं पहिलं मोठं लाकूड केलं. होडीच्या तळाशी, कण्यावर आडवं बसतं आणि दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना खालून धरून ठेवतं, ते. कारखान्यात त्याला नुसतं 'आडवं' म्हणत. चार दिवस ती त्याच्याशी झटत होती. खालून खडू फासायचा, बसवून बघायचं, उचलायचं, खडू जिथं दाबला गेला तिथं तासायचं, की परत पहिल्यापासून. शेवटी ते असं बसलं की खालून कागदाचा कपटा सरकेना. वडिलांनी कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "चालेल." तिनं खूण कोरली, आडवं नुसतंच होडीत ठेवलं, आणि बाकीचं सकाळी करू म्हणून घरी गेली. सकाळी येऊन बघते तर डांबर लावून, सगळे बोल्ट आवळून वडील मोकळे झालेले. आपलं पहिलं काम, आणि शेवटचा बोल्टसुद्धा आपल्या हातानं आवळायला मिळू नये? यांचा आपल्यावर विश्वास नाही, एवढंच तिला त्या दिवशी कळलं. भांडली नाही, पण त्या होडीकडे पुन्हा ढुंकून बघितलं नाही. महिनाभरात ती लाल होडी एका लंगड्या कोळ्याबरोबर दुसऱ्या बंदराला निघून गेली. सल तेवढा इथंच राहिला, आणि एकतीस वर्षं तिनं तो नीट जपला.

तर अशा त्या कारखान्यात एका सकाळी नावाडी आपली हिरवी होडी ओढून घेऊन आला. हा पलीकडच्या काठावर शाळेतल्या बाया, दवाखान्यातले पेशंट, भाजीच्या टोपल्या असं सगळं नेणारा. होडी अठरा वर्षांपूर्वी लांबच्या एका बंदरातून जुनीच घेतलेली. वर त्यानं छप्पर चढवलं होतं, मागं इंजिन बसवलं होतं, पुढचा भाग नवा करून घेतला होता. बंदर कचेरीच्या तपासनिसाला तिच्या तळात कुजकं लाकूड सापडलं. तीन आठवड्यांत दुरुस्त करून दाखवा, नाहीतर होडी पाण्यात उतरवायची नाही.

"सगळे म्हणतायत मोडून टाक आणि फायबरची घे," नावाडी म्हणाला. "माझा जीव होत नाही. पण मला लाकडातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते. मोडा म्हणालात तर आजच मोडतो."

ठोकाबाई होडीत उतरली. पुढून सुरुवात करून ती एकेका बरगडीवर लहान हातोडी टेकवत मागं सरकायला लागली. टण, टण, टण, अशी चांगल्या लाकडाची साद येत होती. मध्यावर आली आणि आवाज बसला. भद. तिनं टोचा लावला, तो दांड्यापर्यंत आत गेला, शिळ्या पावात सुरी जावी तसा. बाजूच्या दोन्ही बरगड्यांची पावलं कुजली होती. कण्याची वरची बाजूही चार बोटं खोल मऊ झाली होती. आणि मधोमध ते आडवं, वरून रंग तुकतुकीत आणि पोटातून काळा भुगा.

तिनं आडव्याच्या खालच्या कडेला, कण्याच्या दोन्ही अंगांना बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तिचा पारा चढला.

"पाण्याचं भोकच नाही," ती म्हणाली. "बघा इकडे. पावसाचं पाणी होडीत येणारच. ते प्रत्येक आडव्याखालून वाहत मागच्या खड्ड्यात जायला पाहिजे, मग ते उपसता येतं. त्यासाठी दोन्ही अंगांना बोटभर भोक ठेवतात. इथं ठेवलंच नाही. पाणी तुंबलं आणि बसलं वर्षानुवर्षं. खारं पाणी एक वेळ लाकडाला मानवतं. हे गोडं पाणी, ते खातं. कुठल्या शहाण्यानं केलंय हे?"

"असेल कुणी," नावाडी भीत भीत म्हणाला.

"आणि सांधा बघा. सुईसुद्धा जायची नाही. एवढा हात चांगला आणि अक्कल गहाण."

दाराशी खोकं करकरलं. "सांधा घट्ट आहे म्हणतेस?" वडिलांनी विचारलं.

"घट्ट म्हणजे काय, पाणीच अडलंय." ती जोरात होती. "आमच्या कारखान्यातून असलं काम बाहेर पडलं असेल ना, तर उद्यापासून मी हत्यारं ठेवून खुर्च्या विणीन."

वडील खोक्यावर जरा पुढं सरकले.

नावाडी बराच वेळ होडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडची असती तर मी आता मोडाच म्हणालो असतो. एकदा फसलेल्या ठिकाणी परत कोण जातो? पण तुम्ही एवढ्या ठामपणे सांगताय, तर घ्या हातात." त्यानं तिच्या शब्दावर होडी तिच्या हवाली केली. तिनंही मान डोलावली, अगदी ताठ.

होडीला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, आकार हलू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी तिनं आडव्याचे बोल्ट काढले. दोन निघाले, तिसरा कापावा लागला. नावाडी चहा आणायला कोपऱ्यावर गेला होता. तिनं पहारीनं आडवं उचकटलं, उचलून बाहेर काढलं, मेजावर ठेवलं आणि सवयीनं उलटं केलं.

तीन रेघा. पक्ष्याचा पाय.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं कपड्यानं पुसून बघितलं, जणू पुसल्यानं खूण दुसऱ्या कुणाची होणार होती. मग होडीकडे बघितलं. हिरव्या रंगाचा एक पोपडा नखानं उचकटला, त्याखाली पांढरा, त्याखाली लाल. लंगड्या कोळ्याची होडी. आपलं पहिलं लाकूड. आणि दोन दिवसांपूर्वी आपणच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

डांबर तापवायची चूल चार पावलांवर पेटलेली होती. वडिलांना दिसत नव्हतं, नावाडी अजून आला नव्हता. कुजका ओंडका चुलीत गेला म्हणून कुणी चौकशी करणार नव्हतं. शब्द राहिला असता, नाव राहिलं असतं, आणि खरं सांगायचं तर होडीही वाचली असती, कारण काम तर ती चोखच करणार होती. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं नाही असं ती पुढंही कधी म्हणाली नाही. तिनं आडवं उचललं, चुलीला वळसा घातला आणि वडिलांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"बाबा, हे माझं आहे."

वडिलांनी अंगठा फिरवला. तीन रेघांवर थांबला. "हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सांधा घट्ट आहे म्हणालीस तेव्हा कान टवकारले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस. मध्ये जागा कुठं होती?" त्यांचा अंगठा आणखी पुढे सरकत गेला, उजव्या टोकाकडे, जिथं लाकूड अजून टणक होतं आणि जुनं डांबर जाड बसलं होतं. "हे खरवड."

तिनं पटाशीनं डांबर खरवडलं. खालून आधी एक गोलवट कड निघाली. मग अर्धं वर्तुळ. मग त्यात उभी रेघ.

ती बघतच राहिली. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या कामावर खूण केली नाही, त्याची खूण तिच्या खुणेशेजारी होती.

"हे कधी केलंत?"

"त्याच संध्याकाळी. तू घरी गेलीस. मी परत होडीत उतरलो. कागद घालून बघितला, जाईना. डोक्याचा केस घालून बघितला, तोही जाईना. तेविसाव्या वर्षी माझं असं बसलं नव्हतं. चाळिसाव्यालाही नाही. छाती फुगली माझी. राहवलं नाही. करून टाकली खूण."

"आणि बोल्ट?"

"तू सकाळी उलटं करून बघितलं असतंस. म्हणून लगेच डांबर फासलं आणि आवळून टाकलं."

"पण मला कळलं असतं तर काय झालं असतं?"

"पुढचं आडवं तू दोन दिवसांत उरकलं असतंस."

ती खाली भुईवर बसली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा, भोकं मी सकाळी पाडणार होते. बसवून झाल्यावर, शेवटी. गिरमिट मी काढूनसुद्धा ठेवलं होतं."

वडिलांचा अंगठा थांबला. "मला वाटलं, तू पाडलीस."

"मला वाटलं, तुम्ही आवळलंत म्हणजे तुम्ही पाडली असणार."

चुलीवर डांबर फदफदत होतं.

"म्हणजे चूक माझी," वडील म्हणाले. "उगीच लपवायला गेलो."

"अजिबात नाही. लाकूड माझं. सकाळी मी रुसले नसते तर एकदा बोट घालून बघितलं असतं."

"बघायचं काम माझं होतं."

"खूण आधी माझी आहे."

"माझीही आहे ना?"

नावाडी चहा घेऊन आला, तेव्हा बापलेक चूक कुणाची यावरून हातघाईवर आली होती, आणि प्रत्येक जण ती स्वतःकडे ओढत होता. ठोकाबाईचे डोळे लाल होते. ती रडली होती, सरळच सांगायचं तर. तिनं उठून आडवं नावाड्यासमोर धरलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ही खूण माझी. होडी आमच्याच कारखान्यातली. परवा बोलले ते खोटं ठरलं. मोडायची असेल तर अजून मोडू शकता, मी अडवणार नाही.

नावाड्यानं चहाची किटली खाली ठेवली. दोन्ही खुणा बघितल्या. होडीभोवती एक चक्कर मारली. तिचा जीव टांगणीला लागला होता. होडीसाठी लागला होता, आणि त्या तीन रेघांसाठीही.

"म्हणजे अठरा वर्षं मी तुमच्याच लाकडावर बसून फिरलो," तो म्हणाला.

"हो."

"आणि भोक नसताना ते एवढं टिकलं."

"टिकलं म्हणजे, कुजलंच की."

"एकतीस वर्षांनी कुजलं. भोकं पाडल्यावर किती टिकेल, ते मला सांगा." त्यानं चहा ओतला. पहिला कप म्हाताऱ्याला दिला, दुसरा तिला. "हे तुम्ही चुलीत घातलं असतं तर मला काय कळणार होतं? करा तुम्हीच. फक्त एक विचारायचं राहिलं. खुर्च्या कधीपासून विणताय?"

म्हातारा इतका हसला की कपातला चहा हिंदकळला.

पुढचे पंधरा दिवस ती त्या होडीत अक्षरशः वाकून राहत होती. एका वेळी एकच लाकूड काढायचं, ते बसलं की दुसऱ्याला हात. कुजका भाग संपला तिथंच न थांबता आणखी वीतभर पुढं जाऊन तिनं बरगड्या कापल्या, कारण कूज दिसते त्याच्या पुढं पोचलेली असते. काप आडवा नाही, जाडीच्या आठपट लांब तिरका, म्हणजे नवं आणि जुनं लाकूड ऐसपैस एकमेकांवर रेलतं. कण्यातला मऊ भाग चौकोनी कोरून काढला आणि त्यात त्याच रेषांचं लाकूड ठोकून बसवलं. पुठ्ठ्याचा साचा कापून, खडू फासून, तासून तिनं नवं आडवं घडवलं. यालाही चार दिवस लागले. एक तासही तिनं कमी केला नाही.

होडी पास झाली, हे आताच सांगून टाकतो. तपासनिसानं तळात बादलीभर पाणी ओतलं आणि ते एकेका आडव्याखालून खळखळत मागच्या खड्ड्यात जाताना बघून शेरा लिहिला. जुन्या आडव्याचा टणक तुकडा ठोकाबाईनं दाराशी टांगला, खुणा बाहेर करून. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुजकं लाकूड कुणाचं? ती म्हणते, आमचंच.

पण खरी गोष्ट त्या आधीच्या संध्याकाळची आहे. नवं आडवं तयार झालं. तिनं दोन्ही भोकं पाडली, उलट्या बाजूला तीन रेघा कोरल्या आणि ते उलटंच, मेजावर, हात पोचेल असं ठेवलं. पटाशी शेजारी ठेवली. डांबराचा डबा झाकण न लावता.

"बोल्ट सकाळी आवळते," ती वडिलांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि रोजच्यापेक्षा लवकर घरी गेली.

सकाळी आली तेव्हा वडील खोक्यावर होते. आडव्याच्या उजव्या टोकाला डांबराचा ताजा, जाड, वेडावाकडा थर होता. थरथरत्या हातानं फासलेला. वडिलांचा अंगठा काळा होता आणि तो त्यांनी मुठीत लपवला होता.

तिनं ते डांबर खरवडलं नाही. आडवं उचलून होडीत ठेवलं, दोन्ही भोकांत बोट घातलं, आरपार गेलं. मग पाना घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बोल्ट स्वतःच्या हातानं आवळले.

"बाबा," तिनं होडीतूनच विचारलं, "चालेल का?"

"चालेल," वडील म्हणाले.